कासवीण, मासोळी आणि सरकता काठ

नदी जिथे तळ्याला येऊन मिळते, तिथल्या काठावर एक म्हातारी कासवीण राहत असे. तिला एक खोड होती. सकाळी अंग जरा सैल झालं की ती काठाकाठाने फिरायला निघायची आणि कालच्यापेक्षा आज काय बदललं ते बघायची. बाकी काही नाही, नुसतं बघायचं! आणि मुलांनो, पाऊस संपून थंडी लागली की बघायला काय कमी असतं? लव्हाळ्याचे शेंडे पिवळे पडू लागतात. कोळ्याच्या जाळ्यावर दव साठतं. परीट पक्षी येतात आणि ओल्या चिखलात शेपटी हलवत तुरुतुरु पळतात. धुकं काल लवकर विरलेलं असतं, आज उशिरापर्यंत रेंगाळतं. सूर्यसुद्धा टेकडीमागून रोज थोडा दक्षिणेला सरकून उगवतो. मध्यंतरी पहिलं ऊन जांभळीखालच्या दगडावर पडायचं, ते आता नदीच्या मुखाशी असलेल्या काळ्या खडकावर पडू लागलं होतं. हे कासविणीखेरीज कोणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

तळ्याच्या कडेला एक उथळ डबकं होतं. एका अरुंद चरातून त्याचं पाणी तळ्याला मिळत असे. त्या डबक्यात एक मासोळी आपल्या पिल्लांना घेऊन राहत होती. पावसाळ्यात तिथेच, लव्हाळ्याच्या मुळांशी, तिची पिल्लं जन्मली होती. दुपारी पाणी छान कोमट व्हायचं, खायला शेवाळ भरपूर, आणि मोठे मासे त्या चरातून आत शिरू शकत नसत. मासोळीचं कसं अगदी मजेत चाललं होतं.

एके दिवशी कासवीण तिच्याकडे आली आणि म्हणाली, "अगं मासोळी, पाणी रोज उतरतंय. चर आटायच्या आत पिल्लांना घेऊन तळ्यात ये बाई."

मासोळी हसायलाच लागली. "पाणी कुठे उतरलंय, मावशी? बघा ना, या काठापासून त्या काठापर्यंत डबकं कसं भरलेलं आहे!"

"अगं, पण काठच आत आत सरकतोय!"

"इश्श! काठ कधी सरकतो का? तुम्ही पण ना मावशी, काहीतरीच बोलता."

जवळच एक बगळा एका पायावर उभा होता. तो गोड आवाजात म्हणाला, "मासोळीबाईंचं बरोबर आहे. काल माझा पाय भिजत होता, आजही भिजतोय. म्हणजे पाणी आहे तेवढंच आहे. या वयात माणसाला, म्हणजे कासवाला, उगाच काळज्या लागतात, झालं!"

कासविणीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. काल हा लबाड पांढऱ्या गोट्यापाशी उभा होता. आज गोटा कोरडा ठणठणीत पडला होता आणि बगळा सरकून आत आला होता! म्हणजे पाणी उतरतंय हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं. चर कधी तुटतो आणि पिल्लं कधी कोंडली जातात, याचीच तो वाट बघत होता. पण मासोळी ऐकायलाच तयार नव्हती, मग करणार काय? बिचारी तोंड पाडून परत फिरली.

संध्याकाळी तिने चर पाहिला. मधोमध चिखलाचा उंचवटा चकाकत होता आणि त्यावरून पाण्याची नुसती बारीक धार वाहत होती. वाराही बोचरा झाला होता. कासविणीने ओळखलं, उद्या हा चर तुटणार. आणि उद्या धुकं दाट पडणार, आपले पाय लाकडासारखे ताठरणार. ऊन मिळेपर्यंत आपल्याला पाऊलही उचलता येणार नाही. म्हणून ती जांभळीखाली आपल्या नेहमीच्या जागी गेलीच नाही. कुरकुरत, धापा टाकत ती काळ्या खडकावर चढली आणि तिथेच झोपली.

सकाळी तळं धुक्यात बुडालं होतं. धुक्यात काही दिसेना, म्हणून बगळा पंख मिटून मुकाट बसला होता. तेवढ्यात टेकडीआडून सूर्य वर आला आणि पहिलं ऊन बरोबर धुक्यावर डोकं काढलेल्या काळ्या खडकावर पडलं. कासविणीची पाठ तापली, पाय सुटले, आणि ती निघाली. आयुष्यात ती कधी एवढ्या घाईने चालली नव्हती!

"मासोळी, ऊठ!" ती चरापाशी येऊन ओरडली. "मी सांगते म्हणून ऐकू नकोस. पण तुझी पिल्लं जन्मली ते लव्हाळं कुठे आहे, एवढं बघून ये."

"हे काय, इथेच तर आहे," असं म्हणत मासोळी निघाली आणि तिचं नाक चिखलावर आपटलं. लव्हाळं पार पलीकडे, भेगाळलेल्या मातीत उभं होतं! मासोळी ओरडली, "अगं बाई! मावशी, माझी पिल्लं! आता हो कसं करू?"

"रडत बसू नकोस. माझ्या मागे मागे ये."

कासवीण चरातल्या उंचवट्यात घुसली. जड पाठ घासत, चारही पायांनी चिखल उपसत ती पुढे सरकू लागली. तिच्यामागे खोल चाकोरी पडत गेली आणि डबक्यातलं पाणी त्या चाकोरीतून खळखळत तळ्याकडे धावलं. त्या पाण्याबरोबर एकामागून एक पिल्लं निघाली. इकडे धुकं विरलं आणि बगळा झेपावत आला. सगळ्यात धाकटं पिल्लू अजून चरातच होतं. मासोळीने त्याला मागून जोरात ढुशी दिली, ते सुळकन तळ्यात गेलं आणि त्याच्यामागोमाग तीही. बगळ्याची चोच फचकन चिखलात रुतली.

"काय बगळेबुवा," कासवीण म्हणाली, "पाय भिजतोय ना अजून?"

बगळा चोच पुसत निघून गेला. मासोळी मात्र पिल्लांभोवती फेऱ्या मारत राहिली. सगळी होती, एकूण एक होती! "हुश्श! मावशी, वाचलो हो," असं म्हणताना तिला हसूही येत होतं आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी ऊन खाता खाता कासविणीला पाण्यात हालचाल दिसली. मासोळी पिल्लांना घेऊन काळ्या खडकापाशी आली होती.

"नीट बघा रे," ती पिल्लांना सांगत होती, "काल पाणी कुठे टेकलं होतं आणि आज कुठे टेकलंय?"

तात्पर्य : रोजचा बदल इतका थोडा असतो की तो सहज नजरेतून सुटतो; जो रोज डोळे उघडे ठेवून बघतो, त्यालाच संकट येण्याआधी वाट सापडते.