दणदण्याचा नाच

एका वाळूच्या ग्रहावर एक तीन कानांची कोल्हीण राहत असे. हा ग्रह नकाशात शोधू नका, आणि भूगोलाच्या बाईंना तर मुळीच विचारू नका. बाकावर उभं राहावं लागेल. तिथे सूर्य दोन. एक मावळतो न मावळतो तोच दुसरा डोकं वर काढतो. सासू बाहेर पडली की नणंद हजर, तशातली गत. मधल्या घटकाभराच्या अंधारात जे चार थेंब दव पडेल, तेवढंच त्या मुलखाचं पाणी. तरी तिथे गवत होतं, गवतात भुंगेरे होते, भुंगेऱ्यांवर उंदीर पोसत होते आणि उंदरांवर आपली कोल्हीण. हे सगळं चालतं कसं, हे तिने कधी विचारलं नव्हतं. पोट भरलेलं असलं की कोण विचारतं? तुम्ही तरी विचारता का?

तिच्या सुखात खडा एकच. दणदण्या नावाचा सहा पायांचा, घराएवढा प्राणी दिवसभर वाळूत धपाधप पाय आपटत हिंडे. कारण काही थोर नव्हतं, तळवे भाजत म्हणून. पण त्यापायी कोल्हिणीच्या पिल्लांची झोप काही पुरी होईना. शेवटी ती लाडीगोडीने म्हणाली, "दणदण्याबुवा, एवढे तुम्ही मोठे, आणि पोरासोरांसारख्या उड्या काय मारता? थोरांनी कसं, सावलीला एका जागी बसावं. बाकीच्यांनी येऊन पाया पडावं."

"पडतील?" दणदण्याने विचारलं.

"सहाही पायांना," कोल्हीण म्हणाली.

झालं. दणदण्या टेकडीच्या सावलीत एकदम तीन मांड्या घालून बसला. पिल्लं घोरू लागली. वारा मात्र झोपला नव्हता. त्याने वाळू सगळीकडे सपाट केली. बघता बघता गवत वाळलं, भुंगेरे गेले, उंदीर गेले. दणदण्याला काय, त्याच्या पोटात आधीचं गवत साठलेलं. तो वर्षभर रवंथ करत बसला असता. इकडे धाकट्या पिल्लाची जीभ चामड्यासारखी झाली. "आई, पाणी," ते म्हणालं, आणि कोल्हिणीकडे द्यायला काही नव्हतं.

पाणी शोधत ती दणदण्याच्या पाठीमागे आली. बसण्याआधी त्याने टाकलेलं शेवटचं पाऊल तिथे तसंच होतं. त्याच्या धुडाआड वारा पोचला नव्हता. त्या खोल खळग्यात दव घरंगळत तळाला साचलं होतं. वाऱ्यावर भटकणारं बी तिथे अडकून रुजलं होतं. हिरव्या पात्यावर भुंगेरा बसला होता, आणि त्याच्यावर डोळा ठेवून एक उंदीर. एवढ्याशा खळग्यात केवढा संसार, आणि मांडणाऱ्याला त्याचा पत्ताच नाही. कोल्हिणीचे तिन्ही कान खाली पडले. धाकट्याला आणून तिने तो थेंब चाटवला. तेवढ्याने त्याची एकट्याचीच जीभ ओली झाली.

"बुवा, उठा. हिंडा जरा," ती म्हणाली.

"का म्हणून? मला इथं बरं आहे. आणि पाया कधी पडताय?"

ती पाया पडली. सहाही. बुवा आणखीच फुगून बसले. मग कोल्हीण स्वतःच पाय आपटू लागली. काडीएवढे तिचे पाय, वाटीएवढे खळगे. पुढचा होईतो वारा मागचा बुजवी. आपटता आपटता ती तोंडावर पडली, उठली, पुन्हा आपटू लागली.

दणदण्याचं पोट आधी हळूच हललं, मग गदगदा हललं. "कोल्हीणबाई, डास मारताय की काय? असं नाही आपटत." त्याला राहवेना. तो उठला आणि त्याने पाय आपटला. धप्प.

"असं होय," कोल्हीण म्हणाली. "पण नीट दिसलं नाही. जरा पलीकडे जाऊन आणखी एकदा दाखवा ना."

तेव्हापासून दणदण्या तिला रोज शिकवतो, आणि ती रोज विसरते. इतकी ढ शिष्या आपल्यालाच कशी मिळाली, म्हणून तो कपाळावर हात, म्हणजे पाय, मारून घेतो. त्याच्यामागे खळग्याखळग्यांतून गवत उगवतं. आणि पिल्लांचं म्हणाल, तर धपधप थांबली की ती दचकून जागी होतात.

तात्पर्य : ज्याच्या गोंगाटाने आपली झोप मोडते, त्याला गप्प करण्याआधी आपलं ताट कोण वाढतं ते पाहून घ्यावं.