वास गेला, उतर

“वास तर गेला होता. मग माझा भाऊ मेला कसा?”

डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, रिपोर्ट येऊ दे. पोलिसाला विचारलं. तो म्हणाला, प्यायला होता का? बोटीच्या मालकाने तर माझ्याकडे पाहिलंच नाही.

मोरूदादा थेंबसुद्धा घेत नव्हता.

म्हणून मी परकार मॅडमकडे गेलो. कॉलेजात त्या विषारी वायू ओळखायची चकती बनवतात. गेल्या वर्षी त्या आमच्या बंदरावर यायच्या आणि खणातली हवा पिशवीत भरून न्यायच्या. खण म्हणजे बोटीच्या पोटातली मासळी ठेवायची जागा. सगळे त्यांना हसायचे. मोरूदादा ओरडायचा, “मॅडम, हवा फुकट, पण पापलेटाचे पैसे पडतील हां!” आणि पिशवी स्वतःच भरून द्यायचा.

मी चपला न काढता त्यांच्या लॅबमध्ये घुसलो.

“मला लिहून द्या.”

“काय लिहून देऊ, बाळ?”

“आमची बोट चालवणारा धाकू तांडेल खोटं बोलतो म्हणून.”

त्यांनी स्टूल पुढे केलं. मी बसलो नाही.

“बोट बरेच दिवस बंद होती. खणात मासळी सडली होती. झाकण काढलं तशी सडक्या अंड्यांची घाण सुटली. धाकूकाकाने दादाला थांबवलं. मग स्वतः खणाच्या तोंडाशी वाकला, हुंगला आणि म्हणाला, वास गेला, उतर. दादा उतरला. खाली बसला. उठलाच नाही.”

“मग?”

“मग काय! वास गेला असता तर माणूस मेला असता का? तो गेलाच नव्हता. म्हाताऱ्याला घाई झाली होती. आज संध्याकाळी मच्छीमार सोसायटीची सभा आहे. मी सांगणार, याला पुन्हा कुठल्या बोटीवर पाय ठेवू देऊ नका.”

मॅडम उठल्या. त्यांनी खिडकी लावली. एका बशीत स्पिरिट ओतलं आणि बशीच्या काठावर नखाएवढी चकती ठेवली. माशीच्या पाठीसारखी हिरवी, चमकणारी. स्पिरिटचा वास नाकात चढला.

“हा रंग लावलेला नाही,” त्या म्हणाल्या. “ही सिलिकॉनची आहे. हिच्यात डोळ्यांना न दिसणारी भोकं आहेत, थरावर थर. त्यांतून हिरवा तेवढा उजेड परत येतो. भोकांत काही शिरलं की उजेड बदलतो.”

बघता बघता चकती नारिंगी झाली, मग तांबडी.

मी टेबलावर मूठ आपटली.

“म्हणजे हे चालतं! हे चालतं, आणि इथं पडून आहे? दादाच्या गळ्यात का नव्हतं?”

“खणात नेली की ही ओल्या हवेनेच तांबडी होते. विष असो, नसो.”

“मग होऊ दे की! दादा उतरला नसता.”

“एकदा उतरला नसता. दोनदा नसता. मग तुम्ही तिला हसला असता आणि उतरला असता.”

“तुम्हाला काय माहीत? तुम्ही देऊन बघितली का?”

“नाही.”

“मग?”

“स्पिरिटचा वास येतो अजून?” त्यांनी विचारलं.

“नाही. कधीच उडालं ते. विषय बदलू नका.”

“बाहेर जाऊन ये.”

“काय?”

“व्हरांड्यात जा. जरा उभा राहा. मग ये.”

मी रागानेच गेलो. परत जाऊच नये असं वाटलं. पण बोलायचं बरंच उरलं होतं, म्हणून वळलो आणि दार ढकललं.

वास कपाळात घुसला. बशी तिथेच होती. स्पिरिटही होतं. चकती तांबडीच होती.

मी चौकट धरली.

“गेला नव्हता...”

“नाही. तुझं नाक थकलं होतं. खणातला वायू नाक थकवत नाही, मारतोच. फार झाला की त्याचा वास येणं थांबतं. धाकूला खरंच वास आला नाही.”

मी स्टुलावर बसलो. अंगातला राग कुठे ठेवावा कळेना. मग एकदम आठवलं.

“पण आम्ही आधी कधी थांबतच नव्हतो! नाकाला फडकं बांधायचो आणि उतरायचो. वास जाईपर्यंत थांबायचं हे म्हाताऱ्याच्या डोक्यात आलं कुठून?”

मॅडमनी चष्मा काढला.

“मी सांगितलं होतं. बंदरावर. वास आला तर उतरू नका.”

“आणि वास गेला तर?”

त्या ओढणीने चष्मा पुसत राहिल्या.

“मॅडम, गेला तर काय, ते सांगितलं होतं का?”

“चकती तयार झाली की दाखवून सांगू म्हटलं. आधी नाकावर विश्वास ठेवा, मग ठेवू नका, असं नुसतं बोलले असते तर तुम्ही हसला असता.”

“आम्ही तसेही हसतच होतो!” मी ओरडलो. “माझा भाऊ हसत हसत तुमची पिशवी भरत होता! हसतील म्हणून अर्धं गिळलंत?”

“हो.”

एवढंच. येताना मी शिव्या पाठ करून आलो होतो. त्या ‘हो’ला एकही लागू पडेना.

त्यांनी बशीवर झाकण ठेवलं, चपला पायात सरकवल्या.

“सभा किती वाजता आहे?”

सोसायटीच्या शेडमध्ये जाळी बाजूला सारून माणसं बसली होती. मधोमध धाकूकाका, जमिनीवर, टोपी हातात. खांबाशी वहिनी.

“ये चिंतू,” कुणी तरी म्हणालं. “बोल काय ते. घाबरू नको कुणाला.”

मी बाजूला सरलो. मॅडम माणसांतून वाट काढत थेट मध्ये गेल्या.

“धाकू, ऊठ. ही जागा तुझी नाही.”

म्हातारा हलला नाही. मान वर न करता म्हणाला, “मी हुंगलं होतं हो मॅडम... तुम्ही सांगितलं तसंच.”

सगळ्यांच्या माना मॅडमकडे वळल्या.

मी पुढे झालो. काखेत हात घालून धाकूकाकाला उभा केला. त्याला नेऊन वहिनीशेजारी बसवला. वहिनी सरकली, पण उठली नाही.

परकार मॅडम त्या रिकाम्या जागेवर मांडी घालून बसल्या. ओढणी सारखी केली. सगळ्यांना सोडून वहिनीकडे बघितलं.

“आता मला विचारा.”