सुखाने नांदू लागली

एकदा एक वृद्ध भाषांतरकार होते. या कामात डोळे जातात आणि नाव होत नाही, हे ठाऊक असूनही त्यांनी चाळीस वर्षे तेच केले. पुढे हात थरथरू लागला. तेव्हा जर्मन परीकथांचा एक जुना, जाडजूड इंग्रजी अनुवाद त्यांनी शिष्याच्या स्वाधीन केला आणि म्हणाले, "तू मराठीत आण. मी तपासून देईन."

शिष्यही काही तरुण नव्हता. शाळेतली नोकरी आणि पत्नीवाचूनचा संसार ओढून तोही थकला होता. तरी वर्षभर खपून त्याने बावीस कथा लिहून काढल्या आणि वही गुरूंकडे तपासायला दिली. साऱ्या कथांत घनदाट अरण्ये, चेटकिणी, छळलेल्या मुली, आणि शेवटी राजपुत्राशी लग्न.

आठवड्याने तो वही न्यायला आला. गुरूंनी त्याच्या भाषेला कुठे हात लावला नव्हता. फक्त प्रत्येक कथेतले शेवटचे वाक्य, 'मग ती सुखाने नांदू लागली', पेन्सिलीने अधोरेखित केले होते आणि समासात दोन शब्द लिहिले होते: 'कुणी पाहिले?' बावीसच्या बावीस ठिकाणी तेच.

शिष्य वैतागला. "गुरुजी, परीकथा आहेत या. पंचनामा नव्हे! आणि इंग्रजीत तसंच आहे."

"असू दे. बैस, चहा घे."

"चहा नको. उद्या सकाळच्या गाडीनं कुमुदला सासरी पोचवायचंय. दोन महिने झाले माझी लेक येऊन बसलीय. लोक विचारतात. लग्न करून दिलं, आता नांदायला नको का?"

"ती काय म्हणते?"

"काही बोलत नाही. सासरचा विषय निघाला की ताटावरून उठते."

गुरूंनी वही मिटली. मग अगदी दमलेल्या आवाजात म्हणाले,

"इंग्रजीत काय आहे ते नीट बघ. ती दोघं सुखानं राहिली. दोघं! तू मराठीत आणलंस आणि एकटीला नांदायला धाडलंस. राजपुत्र कधी नांदायला जातो का रे? तुला दोष देत नाही. आपल्या भाषेत ते वाक्य तयारच असतं, हात आपोआप लिहून जातो. मीही जन्मभर लिहिलं. माझ्या बहिणीला मीच पोचवून आलो होतो. उंबऱ्यावर तिनं माझी बाही घट्ट धरली होती. मी ती सोडवली, सुखानं नांद म्हणालो आणि परतीची गाडी गाठली. पुन्हा त्या घरी गेलो तो तिच्या दहाव्याला. अरे, वरात दारात पोचली की गोष्ट सांगणारा घरी जातो. पुढचं तो पाहतच नाही, आणि सांगतो मात्र छातीठोकपणे. मला ते वाक्य आता वाचवत नाही."

शिष्य वही घेऊन घरी आला. कुमुद ओसरीवर बसली होती. तिने स्वतःच बॅग भरून दाराशी ठेवली होती.

त्याने बॅग उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली आणि तिच्याशेजारी येऊन बसला.

"कुमुद, तिथं काय झालं ते मला सांग."

"उद्याची गाडी?" तिने विचारले.

"जाऊ दे गाडी. मी ऐकतोय."

तिने वडिलांकडे नीट निरखून पाहिले. मग ती बोलू लागली. दोन महिन्यांत तिला हे कुणी विचारलेच नव्हते, त्यानेही नाही.

यथावकाश पुस्तक छापून आले. त्यातल्या साऱ्या कथा लग्नापाशीच थांबतात, पुढे त्या मुलींचे काय झाले ते कळत नाही, अशी वाचकांची तक्रार आली. ज्याला खरोखरच जाणून घ्यायचे असेल, त्याने आपल्या घरच्या मुलीला जाऊन विचारावे.