फिरून आलेला निरोप

एका डोंगराळ राज्यात एक तरुण निशाणवाली होती. एका सकाळी ती धुतलेली निशाणं मनोऱ्यावर वाळत घालत होती, तेव्हा राजधानीची खबर आली: पुढच्या महिन्यात मोहोरेची परीक्षा. तिच्या हातातलं निशाण तसंच राहिलं. तीन वर्षं ती याच खबरेची वाट पाहत होती.

त्या राज्यात दऱ्या फार खोल, म्हणून निरोप निशाणांनी जात. सत्तावीस टेकड्यांवर सत्तावीस मनोरे होते आणि प्रत्येकात एक पाटी: अमुक गावचा निरोप तमुक मनोऱ्याला द्यावा. निशाणवाल्यांचा रिवाज असा, की आलेला निरोप वाचायचा, पाटी बघायची, पुढे द्यायचा. उलट विचारायचं नाही. पाट्या बदलायचा हक्क फक्त राजाची मोहोर, म्हणजे शिक्का, मिळालेल्यांना. परीक्षा कठीण होती, आणि जो नापास होई त्याला सात वर्षं पुन्हा बसता येत नसे.

तिने मागच्या सगळ्या परीक्षांचे प्रश्न वहीत उतरवून पाठ केले होते. त्या मनोऱ्याची मोहोर तिच्या आत्याकडे होती, आणि आत्या तापाने अंथरुणावर होती. तिच्यापुढे पोरीने धडाधड चाळीस उत्तरं म्हणून दाखवली आणि आजच नाव धाडते म्हणाली.

"उत्तरं आली," आत्या म्हणाली. "कारणं विचारू का?"

"परीक्षेत कारणं विचारत नाहीत, आत्या."

आत्या हसली. आजच्या दिवस माझ्या मोहोरेने पाटी तूच सांभाळ, एवढंच तिने सांगितलं.

दुपारी वरच्या वाडीचा निरोप आला: बाळंतीण अडली आहे, नदीकाठच्या सुईणीला धाडा. वाट मधल्या टेकडीवरून होती आणि मधली टेकडी ढगात बुडालेली. पोरीचा ऊर आनंदाने भरून आला, कारण हा प्रश्न वहीत होता. मधली टेकडी ढगात गेली तर पूर्वेचा मनोरा. तिने पाटी बदलली आणि निरोप पूर्वेला दिला.

थोड्याच वेळात पूर्वेकडून तोच निरोप आला. वाडीने आता पूर्वेकडूनही हाक दिली असावी, असं समजून तिने तो आणखी घाईने पूर्वेला दिला. तो पुन्हा आला. तिने पुन्हा दिला. शेवटी पूर्वेच्या म्हाताऱ्या निशाणवाल्याने रिवाज मोडला.

त्याने निशाणांनी कळवलं, "पोरी, ही सुईण मला तिसऱ्यांदा देतेस. माझे हात आहेत, पाणचक्की नव्हे."

तिने त्याला त्याची पाटी वाचून दाखवायला सांगितलं. नदीकाठचा निरोप उंच मनोऱ्याला द्यावा, असं तीवर होतं. उंच मनोरा म्हणजे तिचाच. आपली पाटी बदलताना समोरच्याची पाटी काय म्हणते, हे तिने विचारलंच नव्हतं. तिने त्याच्या पाटीवर दक्षिणेचा मनोरा लिहायला लावला, आणि त्याआधी दक्षिणेची पाटीही वाचून घेतली. निरोप गेला. सुईण पोचली तेव्हा मूल शेजारणीच्या हातात जन्मलं होतं. बाई वाचली, पण पुढे वर्षभर तिला धड उभं राहता येत नव्हतं.

त्या वर्षी पोरीने नाव धाडलं नाही. ती सत्तावीसही मनोरे पायी फिरली, प्रत्येक पाटीपुढे उभी राहून हा मनोरा ढगात बुडाला तर काय, असं स्वतःला विचारत. आत्या मुद्दाम कुठली तरी पाटी गुपचूप चुकीची लिहवून घेई आणि पोरगी ती हुडकून काढी. हळूहळू तिला यात मजा येऊ लागली. एकदा आत्याने असा पेच घातला, की तिला उत्तर येईना.

"मला माहीत नाही," ती म्हणाली, "पण कोणत्या तीन मनोऱ्यांना विचारलं की कळेल, ते माहीत आहे."

"मग आता नाव धाड."

पुढच्या परीक्षेला ती नाचतच गेली. परीक्षकांनी चार पाट्या बिघडवल्या होत्या. तिने दुपारपर्यंत चारही शोधल्या, वर परीक्षकांच्याही ध्यानात नसलेली पाचवी. मोहोर मिळाली.

तात्पर्य: ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं आली म्हणजे तयारी झाली असं नव्हे; न पाहिलेला बिघाड समोर आला आणि त्याच्या मुळाशी कसं पोचायचं हे उमगलं, की तयारी झाली.

वरच्या वाडीच्या त्या बाईला भेटून तिची क्षमा मागायची मात्र राहून गेली.