खोडरबराचा न्याय

संगणक टेबलाखालच्या खोक्यात राहत, त्या काळची ही गोष्ट. एक संगणक कामाच्या मध्येच बंद पडे आणि मालक दर वेळी दोष मेमरीच्या पट्टीचाच समजून ती काढून खोडरबराने घासे.

“आणखी एक झटका बसला, तर माझ्यातलं सगळं जाईल,” हार्डडिस्क घाबरून म्हणाली.

“घासा पुन्हा पट्टीबाईंना!” पंखा हसला.

“पॉवर सप्लायअण्णांना कुणी तपासलं का?” पट्टीने विचारले.

“सगळ्यांना वीज देतात, त्यांना?” पंखा दचकला.

“मी ठणठणीत आहे,” अण्णा म्हणाले.

“आत्ता आपण स्वस्थ आहोत म्हणून,” पट्टी म्हणाली. “सगळे एकदम कामाला लागू, मग पाहू.”

अण्णा चाचरले. “नको. तेवढा भार मला पेलत नाही, डिस्क जाईल. त्यापेक्षा उद्या मी सुरूच होणार नाही.”

सकाळी बटण दाबूनही दिवा लागला नाही. मालकाने खोके उघडले आणि तो खोडरबर शोधू लागला.