शांतवनाची काहील

फार वर्षांपूर्वीचं आहे हे. माझ्या आजानंही ऐकलेलंच सांगितलं, तेव्हा मला उलटे प्रश्न विचारू नका.

प्रवरेवर तेव्हा पूल नव्हता. आमच्या ख्रिस्ती वाडीतला शांतवन गूळ कढवायच्या काहिलीत माणसं बसवायचा आणि तिचा काठ धरून, पोहत पोहत पलीकडं न्यायचा. तोंडानं फटकळ. पण त्याच्या काहिलीत कुणाचं धोतरसुद्धा भिजलं नाही, असं म्हणतात.

एका श्रावणात नदी फुगली. त्याच रविवारी आमचे उपदेशक येशूदास मास्तर चर्चमधल्या भक्तीत उभे राहिले. म्हणाले, प्रभूनं स्वप्नात सांगितलं, आज सगळी मंडळी पलीकडं ने, तिथं सभा भरव. झालं. लोक पोराबाळांसकट घाटावर. शांतवन काहील पालथी घालून वर बसलेला.

"ऊठ शांतवन, प्रभूची आज्ञा आहे."

"मला नाही सांगितलं."

"तुला कशाला सांगेल?"

"काहील माझी आहे. मला सांगायला त्याला काय झालं?"

बाया पदराआड हसल्या. मास्तर तापले. "देवाला अडवतोस?"

"तुम्हाला अडवतोय. एकटे बसा, आत्ता नेतो. पोरं बसवणार नाही."

मास्तरांनी पाण्याकडं पाहिलं. बसले नाहीत.

तेवढ्यात शांतवन उठला, कान देऊन उभा राहिला. "आता मला सांगितलं," म्हणाला. बाकी कुणाला काही ऐकू आलं नव्हतं. मंडळी पुढं सरली, तर त्यानं हात आडवा केला. "तुम्हाला नाही. मला एकट्याला." आणि काहील लोटून तो पाण्यात शिरला.

पलीकडं ठकूबाई धनगरीण तान्ह्या पोरासकट बाभळीवर अडकली होती. काहील परत आली ती धारेला आडवी, दोरीनं ओढल्यासारखी सरळ, असं म्हणतात. आत ठकूबाई नि पोर, दोघं कोरडी. ढकलणारा कुणी नव्हता. ठकूबाई मरेपर्यंत सांगायची, त्याचे दोन्ही हात काठाला होते, मी बघत होते. घाटावर कुणाला हात दिसले नाहीत. शांतवन पुन्हा कुठंच सापडला नाही.

ती काहील चर्चबाहेर लिंबाला टांगलेली आहे. भक्तीत कुणी उठून "प्रभूनं मला सांगितलं" म्हणालाच, तर पंच त्याला तिच्यापाशी नेऊन विचारतात, "एकट्याला का सगळ्यांना?" सगळ्यांना म्हणाला, की खाली बसवतात. एकट्याला म्हणाला, तर काहिलीवर टोला देतात नि वाट मोकळी करतात.

माझ्या अख्ख्या हयातीत तो टोला एकदाच पडला. पलीकडच्या गावात पटकीची साथ होती, आणि माझी थोरली बहीण तिथल्या आजाऱ्यांकडं एकटी निघाली होती.