जखमेपुरता मध

जंगलात माणसाची पायवाटही नव्हती, तेव्हाची गोष्ट. नदीच्या वळणावर रेवती नावाची मुंगशीण औषधपाणी करायची. ज्यांच्याजवळ द्यायला काहीच नसे, ते प्राणीही हक्काने तिच्याकडे येत. त्यांच्यासाठी लागणारा मध हत्तीणराणीच्या सामायिक कोठारातून मिळे. पण कोठार सांभाळणारं माकड दर जखमेमागे निम्माच द्रोण भरी. उरलेला मध रेवती आपल्या पोळ्यातून घाली.

यंदा तिचं पोळं सुकलं, आणि नेमकं तेव्हाच वणव्यात होरपळलेलं भेकराचं पाडस तिच्या दारी आलं. रेवती तडक कोठारावर गेली. राणी तिथेच होती.

"राणीसाहेब, जखमेला लागतो तेवढा मध द्या. नाहीतर माझं दार बंद होईल."

माकड हसलं. "फुकटातल्या रोग्यांना निम्मा पुरतो की!"

"मग जखमेचा कुठला अर्धा भाग उघडा ठेवू, ते तुम्हीच येऊन दाखवा," रेवती शांतपणे म्हणाली.

"जा," राणीने माकडाला फर्मावलं.

माकड निम्मा द्रोण घेऊन आलं आणि लेप लावू लागलं. पाडसाच्या पाठीच्या मध्यावरच मध संपला.

"काका, मागच्या पायांनाही लावा ना," पाडस कण्हत म्हणालं.

माकड उठलं, धावत कोठारावर गेलं आणि भरलेला घडा छातीशी धरून परतलं. रेवतीने त्याच्याकडून घडा घेतला आणि दारातल्या पुढच्या रोग्यालाही आत बोलावलं.